व्याहीभेट

ट्रिशाने चहाची बशी टेबलाच्या कडेला सरकवली आणि म्हणाली, "हा समुद्र."

मग तिने पोह्यांची रिकामी ताटली मधोमध ठेवली, तो मांडव. आणि साखरेचा डबा अलीकडे, ते रिसॉर्टचं गेट. गुणवंत सबनीस चष्मा सावरून पुढे वाकले. आपल्या मीरा रोडच्या घरात उत्तनचा किनारा असा मांडला जातोय, याचं त्यांना नवल वाटत होतं. उत्तन म्हणजे भाईंदरहून मोरवा गावावरून जाणाऱ्या बसचं शेवटचं गाव. पण मुलगी इशिता आणि होणारा जावई नीरज, दोघंही नोकरीला बंगलोरला. त्यांची मित्रमंडळी विमानाने येणार. त्यांच्या लेखी हे डेस्टिनेशन वेडिंग होतं. आणि लग्नाची सगळी व्यवस्था बघणारी ही ट्रिशा मूळची उत्तनचीच.

"बस गेटबाहेर थांबणार," ती म्हणाली. "मुलीकडचे आधी उतरून आत जाणार, आणि मग वळून मुलाकडच्यांचं स्वागत करणार."

"पण सगळे एकाच बसने येणार ना?" गिरिजाने नवऱ्याकडे बघत विचारलं.

"म्हणून तर आंटी. दोन्ही घरं एकाच बिल्डिंगमधली, असं मी पहिल्यांदाच बघतेय. मम्मीला सांगितलं तर ती बोलली, मग जिन्यातच लावून टाका की लग्न."

गिरिजा हसली. "आणि सीमांतपूजन झालं की लगेच व्याहीभेट?"

"ती न्हाय. इशिताने काढायला सांगितली." ट्रिशाने सहज विचारलं, "काय असतं त्यात?"

"मुलीचे वडील आणि मुलाचे वडील एकमेकांना मिठी मारतात. सगळ्यांसमोर."

"छान आहे की. मग काढली कशाला?"

गिरिजाने साखरेच्या डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं आणि गेट पुन्हा जागेवर ठेवलं.

वरच्या मजल्यावर नीरजचे वडील, शशिकांत दळवी राहत. बऱ्याच वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणून गुणवंतांनी जिन्यात कुंड्या ठेवू नयेत हा नियम वाचून दाखवला होता, पोटकलमासकट. कुंड्या दळवींच्या होत्या. 'तुम्हाला पुस्तकं वाचता येतात सबनीस, माणसं नाही,' दळवी भर सभेत म्हणाले, आणि लोक हसले. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. लग्नाचं सगळं बायकांनीच ठरवलं. हे दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून माना डोलावत राहिले. गुणवंतांना त्या वाक्याचा राग आला होता खरा, पण अधूनमधून वाटायचं, दळवी चुकीचं बोलले नसावेत.

ट्रिशा गेली. गुणवंतांनी समुद्र आणि मांडव उचलून मोरीत नेले आणि स्वतःच विसळले.

"तुला बोलली होती इशिता?"

"नाही. बाबांना अवघड जाईल, म्हणून काढली असेल."

"मला अवघड जातं, हे तिला कधीपासून माहीत आहे?"

"शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही अगदी मागच्या रांगेत बसायचात," गिरिजा म्हणाली. "पोर सगळा नाच त्या मागच्या रांगेकडे बघत करायची. बाकीच्या मुली बाईंकडे बघायच्या."

गुणवंतांनी हात पुसले. मग आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"कुठे?"

"वर."

"गच्चीवर?"

"नाही."

गिरिजाने आणखी काही विचारलं नाही. त्यांची दुमडलेली कॉलर तेवढी सरळ केली.

दार दळवींनीच उघडलं. अंगात लग्नासाठी शिवायला टाकलेला रेशमी झब्बा होता, शिंप्याने मापाला पाठवलेला, बाह्या नुसत्या टाचलेल्या.

"जिना सापडला वाटतं," दळवी म्हणाले.

गुणवंत जिन्यात जुळवलेलं वाक्य पार विसरले. "व्याहीभेट काढलीय," ते एवढंच म्हणाले.

"माहितीय. नीरज म्हणाला, तुम्हालाच नकोय."

"मला कुणी विचारलंच नाही."

दळवी झब्ब्याची बाही चाचपत राहिले. "मलाही नाही विचारलं. सांगितलं फक्त."

"त्यांना वाटतंय, आपल्याला जमणार नाही."

"कार्टी," दळवी म्हणाले. "जमेल तुम्हाला?"

"ठाऊक नाही. मला सवय नाही. त्यात लोकांसमोर म्हणजे..." गुणवंतांनी उंबऱ्याकडे बघितलं. "एकदा करून बघावं म्हटलं. आत्ता कुणी नाहीये, तोवर."

"माझ्या अंगावर टाचण्या आहेत."

"सांभाळून करू."

दळवींनी मागे होऊन वाट दिली.

थोड्या वेळाने दळवींच्या पत्नी सुलूताई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत आल्या. दार सताड उघडं होतं. त्यांचा पाय उचलला तसाच थांबला.

"आधी डावा खांदा की उजवा?" हा आवाज खालच्या मजल्यावरच्या सबनीसांचा होता.

"उजवा. थांबा, माझा उजवा म्हणजे तुमचा कुठला?"

"तुम्ही हलू नका. मी येतो."

"अहो, चष्मा काढा आधी. टोचतोय."

"मला तुमच्या टाचण्या टोचताहेत, मी काही म्हणालो का?"

"म्हणायचं होतं की. काय माणूस आहे."

आत काही क्षण शांत झालं. मग कुणीतरी घसा खाकरला.

"परत एकदा," दळवी म्हणाले. "फोटोवाल्याला वेळ मिळायला हवा."

सुलूताईंनी पिशवी आवाज न करता टेकवली आणि त्या पायरीवरच बसल्या. खालून गिरिजा येताना दिसली, कठड्याला धरून, हळूहळू. सुलूताईंनी पिशवी भिंतीकडे सरकवली आणि तिला शेजारी जागा केली.