पारड्याखालचा चुंबक

मित्रांनो, माझी ओळख करून द्यायची तर या क्षणी माझ्या अंगाला काय काय चिकटले आहे, ते आधी सांगावे लागेल. एक गंजलेली टाचणी, सायकलच्या तारेचा तुकडा, आणि शाळेच्या दप्तराची तुटलेली कडी. मी एक जुना, घोड्याच्या नालेसारखा वाकलेला चुंबक आहे. माझा तांबडा रंग बराचसा उडाला आहे. स्वभाव मात्र उडालेला नाही. लोखंड दिसले की मला राहवत नाही. पितळ, तांबे, सोने ही मंडळी माझ्या समोरून जातात, तेव्हा मला केवळ वारा गेल्यासारखे वाटते.

माझे तारुण्य हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये गेले. तिथे कापसातून सरकी वेगळी करतात. शेतातून आलेल्या कापसात खिळे, तारा, विळ्याचे तुकडे असे बरेच काही लपलेले असते. तसा एखादा तुकडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली, की साऱ्या कापसाची राख. म्हणून यंत्राच्या तोंडाशी मला बसवले होते. समोरून पांढरेशुभ्र ढग वाहत जात आणि मी त्यांच्या पोटातला काळा खिळा ओढून घेई. ढगांना कधी माझे कौतुक वाटले नाही. ते हलके होते, आणि हलक्या गोष्टी मागे वळून पाहत नाहीत.

माझे कौतुक एकाच माणसाला होते. त्यांना सगळे बापूजी म्हणत. माझ्या अंगावरचे खिळे काढून मला पुसण्याचे काम त्यांचे. पुढे नवे यंत्र आले, त्यात नवे चुंबक होते, आणि बापूजी व मी एकाच वेळी निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल, नारळ आणि मी मिळालो. शाल कुणाच्या तरी लग्नात देऊन झाली, नारळ खाऊन झाला. मी उरलो.

सेलूजवळच्या त्यांच्या गावी आल्यावर मला वाटले, आता विसावा. पण बापूजींच्या हाताला जिनिंगची सवय होती. कोणतीही वस्तू चुंबक फिरवल्याशिवाय आत जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी तो घराला लावला. गाईच्या कुटारावर, म्हणजे भुसकट वैरणीवर, मी फिरू लागलो, आणि ते योग्यच होते, कारण गाईच्या पोटात तार गेली तर फार वाईट. पुढे मी पिठावरून फिरलो. मग तुरीच्या डाळीवरून. मग जेवायच्या प्रत्येक ताटावरून.

"पहिले चुंबक फिरव, मंग घास घे," बापूजी म्हणायचे.

"बापूजी, वरणात खिळा कुठून येईन?" त्यांची नात हर्षा विचारायची.

"कापसात कुठून येत होता? तसाच येईन."

वरणात मला कधी काही सापडले नाही. पण वाफेने माझ्या उरल्यासुरल्या रंगाचे पापुद्रे निघू लागले, आणि एक पापुद्रा वरणात सापडला. तेव्हा बापूजी विजयी मुद्रेने म्हणाले, "पाहा, होतं का नाई काही?"

ही हर्षा नववीत शिकते. यंदा तिच्या विज्ञानाच्या धनंजय सरांनी चुंबकत्वावर प्रकल्प करायला सांगितला. अट मात्र विलक्षण होती. प्रश्न स्वतःचा हवा, आणि त्याचे उत्तर आधीपासून कुठे तयार नको. शनिवारपर्यंत ज्याला प्रश्न सुचणार नाही, त्याने अंकितच्या गटात जायचे. अंकितचा प्रकल्प तयार होता. चुंबकांवर फुकट फिरणारा पंखा. त्याला फक्त थर्माकोलला निळा रंग देणारे हात हवे होते.

"मी रंग देणार नाई," हर्षाने घरी जाहीर केले. "मले माह्या स्वतःचा प्रश्न पाह्यजे."

त्यानंतरचे काही दिवस माझ्यासाठी अवघड गेले. ती मोबाइलवर कल्पना शोधे आणि मी शेजारच्या फडताळावर पडून ऐके. खिळ्याला तार गुंडाळणे. सगळ्या वर्गाने तेच घेतले होते. रुळांवर तरंगणारी गाडी. तीही गेली होती. मोबाइलमधली दिशा दाखवणारी सुई उघडून ती उत्तर शोधू लागली, तेव्हा सुई सारखी माझ्याकडे वळत होती. मी म्हटले, निदान हिला तरी कळते. हर्षा म्हणाली, "मोबाइल बिघडला वाटते." इतकी वर्षे मी एका जागी उभा राहून साद घालतो आहे, आणि माझी साद नेहमी बिघाड म्हणूनच ऐकली जाते.

अशातच बाजाराचा दिवस आला. हर्षाचे बाबा, खुशालभाऊ, सेलूच्या बाजारात भाजी विकतात. मागच्या बाजारी कुणाला मेथीच्या जुडीत तारेचा तुकडा मिळाला होता. ही गोष्ट बापूजींच्या कानी गेली आणि माझी रवानगी बाजारात झाली.

"जुडी जुडीवरून फिरवजो," त्यांनी बजावले.

खुशालभाऊंना चारचौघांत मेथीवर चुंबक फिरवायची लाज वाटली. त्यांनी मला पोत्याखाली सरकवले आणि वर तराजू टांगला. इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या बाजारात त्यांचा हा जुना तराजू, पत्र्याच्या दोन पारड्यांचा. त्यातले वजनाचे पारडे नेमके माझ्या डोक्यावर आले.

आता यात माझा काय दोष? वर लोखंड होते, खाली मी होतो, मधे एक पोते. वजन टाकले की पारडे खाली यायचे आणि मी त्याला धरून ठेवायचो. खुशालभाऊ दुसऱ्या पारड्यात वांगी टाकत राहायचे, टाकत राहायचे, आणि पुष्कळ वांगी पडल्यावर कुठे माझी पकड सुटायची. बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. थोड्याच वेळात आमच्यापुढे रांग लागली.

"आज हात चांगला चालून राह्यला," खुशालभाऊ खुशीत म्हणाले.

"बाबा, टोपलं लवकर रिकामं नाई झालं का?" सोबत आलेल्या हर्षाने विचारले.

दुपारी ऊन सरकले, म्हणून त्यांनी तराजू फिरवून टांगला. आता भाजीचे पारडे माझ्यावर आले. नेमक्या त्याच वेळी सखूबाई आल्या. त्या बाजारात वजन डोळ्यांनी करतात आणि तराजूला फक्त साक्षीला ठेवतात.

खुशालभाऊंनी मूठभर मिरच्या टाकल्या. पारडे खाली बसले. समोर पाव किलोचे वजन ठेवले. पारडे हलेना.

"झाली वो पाव किलो," खुशालभाऊ म्हणाले.

सखूबाईंनी चार मिरच्या काढल्या. पारडे खालीच. मग आणखी काढल्या. शेवटी पारडे पार रिकामे झाले, तरी पाव किलोला भारी.

"खुशालभाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "मी पाव किलो काय घेऊन राह्यली? हवा?"

भोवतीची माणसे थांबली. खुशालभाऊंचा चेहरा मिरचीपेक्षा लाल झाला. हर्षाने वाकून पोते उचलले, मला ओढून काढले आणि सगळ्यांना दाखवले. पारडे आपले आपण वर गेले.

"काकू, बाबानं फसवलं नाई. यानं ओढलं. सकाळी हाच वजनाच्या पारड्याखाली होता, तवा सगळ्यायले वांगे जास्त गेले."

सखूबाईंनी विचार केला. "माह्या जावेनंही सकाळीच नेले वांगे."

"तिलेही जास्तच गेले असतीन."

"मंग तिले सांगू नको," सखूबाई म्हणाल्या, "नाईतर ती वांगे परत द्यायले येईन, अन् मी त ते भाजीले लावले बी."

लोक हसत पांगले. खुशालभाऊ मला भंगारवाल्याकडे टाकायला निघाले होते. पण हर्षाने मला छातीशी धरले होते. ती तराजूकडे पाहत होती. तिने मला पारड्याखाली धरले, थोडे खाली नेले, आणखी खाली नेले. एका जागी पारडे मला विसरले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मले प्रश्न भेटला."

शनिवारी वर्गात अंकितचा पंखा आधीच फिरत होता. सर त्याभोवती संशयाने फेऱ्या मारत होते. हर्षाने तराजू पंख्याशेजारी बाकावर ठेवण्याआधी, घरच्या वळणाप्रमाणे, जागेवरून मला एकदा फिरवले. पंख्याच्या निळ्या बैठकीवरून जाताना मला आतून ओळखीची हाक आली. मी ठक्कन चिकटलो.

"अंकित, या बैठकीत काय आहे?" सरांनी विचारले.

"थर्माकोल, सर."

"थर्माकोल चुंबकाला चिकटतो? हे तर मोठे संशोधन झाले."

बैठक उघडली. आत लोखंडी कवचाचे दोन सेल होते. पंखा थांबला.

"हर्षा, तुझा प्रश्न?"

"सर, चुंबक किती दूर असला, की तराजू खरं बोलतो?"

"आणि उत्तर?"

"माहीत नाई, सर. अजून मोजलंच नाई."

सर पहिल्यांदा हसले. "मग हाच प्रकल्प. अंकित, तू हिच्या गटात. पुठ्ठे कापायचे."

पुढचे दिवस तिने मला पारड्याखाली ठेवले. मधे पुठ्ठा घालायचा, पारडे सुटेपर्यंत समोर वजने वाढवायची, आकडा मांडायचा, मग आणखी एक पुठ्ठा. मित्रांनो, मला वाटायचे की माझी ओढ क्षितिजापर्यंत पोचते. पहिल्या काही पुठ्ठ्यांतच ती निम्मी झाली. आलेखावर माझे सारे प्रेम डोंगरावरून घसरणाऱ्या दगडासारखे खाली आले होते. अंकितने त्याला निळा रंग दिला.

तरी मी सुखी आहे. आता बाजारात तराजू टांगताना खुशालभाऊ हर्षाने मोजलेले अंतर राखतात, आणि मेथीवरून मला उघडपणे फिरवतात. सखूबाई ते पाहायला थांबतात.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला आपटू नका, विस्तवाजवळ ठेवू नका. आणि त्याच्या दोन टोकांवर लोखंडाचा एक तुकडा आडवा ठेवा. सरांनी सांगितले, एकटा पडलेला चुंबक हळूहळू विसरत जातो की तो चुंबक आहे. बापूजींनी लगेच मोडक्या विळ्याचे पाते आणून माझ्या टोकांना लावले. ते लागले, की माझी सारी ओढ त्यातच रमते आणि बाहेर जवळजवळ काही उरत नाही.

हे हर्षाला ठाऊक आहे. बापूजींना नाही. जेवायला बसले, की ते पात्यासकट मला वरणावरून फिरवतात, निरखून पाहतात आणि समाधानाने म्हणतात, "साफ हाये."

हर्षा माझ्याकडे पाहते, आणि घास घेते.