तिसरं कोटेशन

बारक्या पंपाच्या कारखान्यात खरेदी विभागात लागला, तेव्हा आईने आधी त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग म्हणाली, "तुला टोमॅटो आणायला पाठवलं तर अर्धे सडके आणतोस. आणि हे लोक तुला पगार देऊन पाठवणार?"

मामा मात्र खूश झाला. मामा सुतार. गल्लीच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड आणि शेडमध्ये करवतीचं एक यंत्र. ते सुरू झालं की शेजारीपाजारी ओरडून बोलायचे आणि बंद झालं की सवयीने तसेच ओरडत राहायचे. मुलाखतीला बारक्याने घातलेला शर्टही मामाचाच होता. खांद्यात सैल. "असू दे सैल," मामा म्हणाला होता, "पुढे मोठा साहेब झालास की भरेल."

बारक्या लागला त्याच वर्षी खरेदी विभागाचं नाव बदलून 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' झालं. नवी पाटी घ्यायची तर नियमाप्रमाणे तीन कोटेशनं हवीत. त्यामुळे पाटी आठ महिन्यांनी आली, आणि तोवर विभाग दुसऱ्या मजल्यावर गेला होता. पाटी पहिल्या मजल्यावरच लागली. तिच्याखाली आता झाडू ठेवतात.

स्क्रू घ्या नाहीतर क्रेन, तिघांकडून लेखी दर मागवायचा, सगळ्यात स्वस्त असेल त्याला ऑर्डर द्यायची आणि तिन्ही कागद फाइलला लावायचे. विभागाच्या प्रमुख मॅडमनी बारक्याला हे पहिल्या दिवशी शिकवलं. दुसऱ्या दिवशी जे शिकवलं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. पंप ज्या लाकडी पेट्यांतून बाहेर जात त्या गेली अकरा वर्षं एकच शेठ पुरवत होता. पेट्या वेळेवर यायच्या, मॅडमच्या डोक्याला ताप नव्हता, त्यामुळे ऑर्डर त्यालाच जायची. बाकीची दोन कोटेशनं फाइलला सोबत म्हणून.

"एक शेठचे साडू देतात," मॅडम म्हणाल्या. "दुसरं देणारे मागच्या महिन्यात वारले. त्यांच्या जागी तू कुणीतरी बघ."

"कसा माणूस बघू?"

"लाकूडकाम करणारा. लेटरहेड असलेला. आणि जिवंत."

बारक्याच्या ओळखीत यातल्या दोन अटींत बसणारा एकच माणूस होता. लेटरहेड मामाने त्याच आठवड्यात छापून घेतलं. त्यावर करवतीचं चित्र होतं, पण छापणाऱ्याकडे करवत नसल्यामुळे त्याने मगरीचा जबडा वापरला होता. लांबून फरक कळत नव्हता.

"कोटेशन दिलं म्हणजे ऑर्डर मिळेलच असं नाही हं, मामा," बारक्या म्हणाला होता. वाक्य खरं होतं. बारक्याने ते पुढे दोन वर्षं जपून ठेवलं, कधी अंगाशी आलं तर दाखवायला.

मामाने पहिलं कोटेशन द्यायला चार दिवस घेतले. कारखान्यात येऊन पंप तीन बाजूंनी मोजला. चौथी बाजू भिंतीला लागून होती, तर दोघांना हाताशी घेऊन पंप सरकवला आणि तीही मोजली. रात्रभर पाण्यात ठेवलेल्या फळीचा तुकडा पिशवीत घालून आणला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. "बघा, फुगली नाही," म्हणाला. मॅडमनी फळीकडे पाहिलं. असं अकरा वर्षांत कुणी केलं नव्हतं. शेठने तर बहुधा पंपही पाहिला नव्हता.

आणि घोळ तिथेच झाला. मामाचा दर सगळ्यात कमी निघाला.

"शेठना फोन लाव," मॅडम म्हणाल्या. "आकडा सांगू नकोस. नुसतं म्हण, जरा खाली या."

बारक्याने फोन लावला. "शेठ, जरा खाली या."

"येतो की. किती खाली?"

"जरा."

"जरा म्हणजे? अंधारात जिना उतरायला लावता होय मला? पायरी कुठे संपते ते तरी सांगा."

बारक्याने इकडे तिकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचं बघणं इतकं मन लावून चाललं होतं की बारक्यालाही काय ते कळलं. त्याने मामाचा आकडा सांगितला. शेठ त्याच्याहून जेमतेम एक टक्का खाली आला.

"पडलो?" मामाने संध्याकाळी विचारलं.

"थोडक्यात हुकलं, मामा."

हेही खरंच होतं. त्या दोन वर्षांत बारक्या मामाशी एकदाही खोटं बोलला नाही. हिशोबाने तो सज्जनच राहिला.

थोडक्यात हुकलं म्हटल्यावर मामाची खात्री झाली की खोट पेटीत आहे. पुढच्या वेळी त्याने कोटेशनाबरोबर सॅम्पल पेटीही आणली. मग कोपरे गोल केले. मग बिजागरी लावली, मग आतून कापड, मग धरायला मुठी. सातव्या पेटीला कुलूप होतं. नवव्या पेटीला हवा जायला जाळी होती, पंपाला हवा कशाला लागते हे कुणी विचारलं नाही. स्टोअरकीपर सॅम्पल ठेवून घ्यायचा नाही, त्यामुळे पेट्या परत मामाच्या घरी जायच्या. मामीने विरोध करून पाहिला, मग एका पेटीवर बसून दमली आणि बसल्या बसल्या तिला जाणवलं की बसायला बरं आहे. हळूहळू घरातल्या खुर्च्या गेल्या. जेवायचं टेबल म्हणजे मोठ्या पंपाच्या दोन पेट्या. मामीचं कपाट म्हणजे उभी केलेली एक पेटी. अख्खं घर पंपाच्या मापाचं झालं. बसणाऱ्याच्या पोटऱ्यांशी मोठ्या अक्षरांत 'हा भाग वर' असं छापलेलं असायचं आणि पाहुणे मुकाट्याने सरळ बसायचे.

अशी एकोणीस कोटेशनं झाली. एकोणीस वेळा मामाने दर घासूनपुसून कमी केला, एकोणीस वेळा बारक्याने फोन लावला, एकोणीस वेळा शेठ एक पायरी खाली आला. आणि वर्षाच्या शेवटी कुणीतरी कागद काढून पाहिले, तर पेट्यांवरचा खर्च इतका उतरला होता की बारक्याला 'उत्कृष्ट बचत' पुरस्कार जाहीर झाला.

समारंभाला घरच्यांना बोलावणं होतं. आईचे गुडघे दुखत होते म्हणून मामा आला, इस्त्रीच्या शर्टात, तिसऱ्या रांगेत. मोठे साहेब भाषणात निकोप स्पर्धेबद्दल बोलले. स्पर्धा निकोप असली की पुरवठादारालाही आनंद होतो, असं म्हणाले. पुरवठादार तिसऱ्या रांगेत मान डोलावत होता. बारक्याचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी मामाच्या दोन टाळ्या शिल्लक होत्या. त्या त्याने शांततेत वाजवून संपवल्या.

बारक्याने हातात ढाल घेतली. लाकडी होती. तिचा कोपरा नीट घासलेला नाही हे त्याला बोटाला कळलं, आणि हे आपल्याला कुणामुळे कळतं तेही कळलं. कान तापले. फोटोत ते स्पष्ट दिसतात.

परत जाताना बसस्टॉपवर मामा म्हणाला, "एक विचारायचं होतं. शाळेच्या बाकांचं काम आलंय. दोनशे बाक. चार महिने मान वर करायला वेळ नाही मिळणार. हेडमास्तरांना गुरुवारी उत्तर द्यायचंय."

"मग घे की."

"घेतलं आणि नेमकी तुझ्याकडची ऑर्डर लागली तर? विसावं कोटेशन सोमवारी देतोय ना मी. तुझी इतक्या वर्षांची खटपट, आणि ऐन वेळी मी हात वर करायचे? तुझं नाक कापलं जाईल खात्यात." मामाने ढाल स्वतःच्या रुमालाने पुसली. "तू आतला माणूस. सांग, बाक धरू का सोडू?"

बारक्याच्या तोंडात ते जपून ठेवलेलं वाक्य तयार होतं. बस आली. "बघून सांगतो," असं म्हणून तो चढला. ती बस त्याची नव्हती. अर्धा तास उलट्या दिशेला गेल्यावर उतरला.

तोंडाने सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून मंगळवारी त्याने ऑफिसची पद्धत वापरली. कॉम्प्युटरमध्ये नकारपत्राचा एक नमुना होता. ज्याचं कोटेशन पास झालं नाही त्याला तो पाठवायचा, असा नियम होता, पण आजवर कुणी कुणाला पाठवला नव्हता. बारक्याने एकोणीस तारखा टाकून एकोणीस पत्रं छापली. 'आपल्या कोटेशनबद्दल आभारी आहोत. या वेळी आपणांस संधी देता येत नाही याचा खेद वाटतो. पुढेही असेच सहकार्य अपेक्षित आहे.' शेवटची ओळ खोडायचा त्याने बराच प्रयत्न केला. कॉम्प्युटर सोडेना.

बुधवारी संध्याकाळी तो मामाकडे गेला. मामीने चहा दिला. मामाने चष्मा लावून पहिलं पत्र वाचलं. मग दुसरं. मग तिसरं. एकोणीसच्या एकोणीस वाचली, तीही शेवटच्या ओळीपर्यंत. बारक्या कुलपाच्या पेटीवर बसला होता. पेटी आरामशीर होती. त्याचाच जास्त त्रास होत होता.

"सगळी सारखीच आहेत की रे," मामा म्हणाला.

"हो."

"कारण लिहिलं नाही कुठेच. काय कमी पडलं ते."

"काही कमी पडलं नाही, मामा. ऑर्डर पहिल्यापासून दुसऱ्याचीच होती. फाइलला तीन कागद लागतात. तुझा तिसरा."

मामी आत जाता जाता थांबली.

मामाने चष्मा काढला. "म्हणजे पेटीत खोट नव्हती?"

"नव्हती."

"बिजागरीत?"

"नाही."

"अगं, ऐकलंस का?" मामा मामीकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. "पेटी बरोबर होती. मी दोन वर्षं रात्री जागा होऊन विचार करतोय, की कुठे चुकतोय. अरे, आधी सांगायचंस ना."

बारक्याला वाटलं होतं, मामा चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसासमोर मान खाली घालून बसता येतं. हसणाऱ्या माणसासमोर मान कुठे ठेवायची? आणि तिथेच थांबता आलं असतं. पण ते हसू त्याला बघवेना.

"अजून आहे," तो म्हणाला. "तुझा दर प्रत्येक वेळी कमी असायचा. तो मी शेठला फोन करून सांगायचो. मग तो त्याच्या खाली यायचा."

"दर तू सांगितलास?"

"हो."

"मी पाकीट चिकटवून द्यायचो."

"हो."

"डिंक लावून, वर चिकटपट्टीही."

"हो, मामा."

मामाने पत्रं परत हातात घेतली. एकोणीस पत्रं त्याने एकसारखी केली, कडा टेबलावर ठोकून जुळवल्या. बाहेर शेजारी एकमेकांशी ओरडून बोलत होते, यंत्र बंद होऊन तास झाला होता.

"ढाल कुठे ठेवलीस?" मामीने विचारलं.

"टीव्हीवर."

"छान दिसत असेल," मामी म्हणाली आणि त्याचा अर्धा चहा उचलून आत घेऊन गेली.

दारापर्यंत मामा आला. "बाक धरतो," एवढंच म्हणाला. मग, "सावकाश जा. खाली फळ्या पडल्यात." आजवर तो नेहमी कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचा.

शुक्रवारी शेठचा फोन आला. "साहेब, मामांचा दर काय या वेळी?"

"या वेळी मामा नाहीत."

"नाहीत म्हणजे?" शेठचा आवाजही एक पायरी खाली आला. "मग मी कशाच्या खाली जाऊ?"

"तुमचा खरा दर काय असेल तो द्या."

"माझा खरा दर?" शेठ खरोखर विचारात पडला. "तो काढावा लागेल हो. तेरा वर्षांत कुणी विचारला नाही."

सोमवारी टपालात मगरीच्या जबड्याचं लेटरहेड आलं. पाकिटाला डिंक होता, वर चिकटपट्टी होती. पत्र मामाच्या अक्षरात होतं, पण भाषा ओळखीची होती. 'आपल्या चौकशीबद्दल आभारी आहोत. या वेळी आपणांस दर देता येत नाही याचा खेद वाटतो.' पुढची ओळ, सहकार्याची, मामाने लिहिली होती आणि मग खोडली होती. त्याला खोडता आली. त्याच्याखाली, जरा जागा सोडून, वेगळ्या, निळ्या शाईत: 'रविवारी जेवायला ये. मामी म्हणते आणू नकोस काही.'

बारक्या ते पत्र घेऊन मॅडमकडे गेला. दोनच कोटेशनं आहेत, या वेळी फाइल अडणार, आणि अडली तर मी सगळं सांगणार आहे, असं तो जिन्यात पाठ करून आला होता.

मॅडमनी पत्र वाचलं. "अरे वा," त्या म्हणाल्या. "लेखी नकार आहे. नियमात लेखी नकार म्हणजेही उत्तरच. तिघांना विचारलं, तिघांनी उत्तर दिलं. झाली की फाइल."

"मॅडम, पण दर मी फोनवर..."

"लावून टाक," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

बारक्या जागेवर आला. पत्रावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, दुमडून मधली खूण काढली आणि पंचिंग मशीन दाबलं. दोन भोकं पडली. वरचं कोऱ्या जागेत. खालचं नेमकं 'जेवायला'वर.

त्याने पंचिंग मशीनचं झाकण उघडलं. आत शेकडो पांढऱ्या टिकल्या होत्या, दोन वर्षांच्या सगळ्या कागदांच्या. टेबलावर ओतून तो त्यातली निळ्या शाईची एक शोधायला लागला. जेवणाची सुट्टी झाली, संपली, शेजारचे परत आले. कुणीतरी विचारलं, काय हरवलं? बारक्या म्हणाला, काही नाही, आणि खाली मान घालून एकेक टिकली उलटी करून बघत राहिला. कान पुन्हा तापले होते.