दहा मिनिटांची सोय

सर्व्हरच्या नेटवर्कची फाईल लांबून बदलायची असेल तर आधी टायमर लावायचा, असं मी सगळ्यांना शिकवतो. दहा मिनिटांत तुम्ही 'सगळं ठीक' असं कळवलं नाही, तर जुनी फाईल आपोआप परत बसते. कारण एक आकडा चुकला की आपलाच रस्ता बंद होतो, आणि मग ती चूक सुधारायला आत शिरायलाही वाट उरत नाही. एकवीस वर्षं घसा कोरडा करून हेच सांगतोय. मी स्वतः शेवटचा टायमर कधी लावला, ते मात्र विचारू नका.

भाची माझ्याच हाताखाली, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात कामाला. ऑफिसात 'सर', जिन्यात 'मामा'. तिचा सहा महिन्यांचा करार त्या दिवशी संपत होता. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे दुपारी संचालक मॅडम ठरवणार होत्या. मामाच्या वशिल्यानं आलेली पोरगी, असं अर्धं हॉस्पिटल म्हणायचं. उरलेलं अर्धं म्हणत नव्हतं, कारण ते रजेवर होतं.

सकाळी अकराला एक्स-रेच्या सर्व्हरचा गेटवे बदलायचा होता. गेटवे म्हणजे मशीनचं बाहेर पडायचं दार. नवी लाइन आली की त्याचा आकडा बदलतो. सर्व्हर शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या इमारतीत. आणि माझा कॉम्प्युटर नेमका तेव्हाच अपडेट घेत बसलेला.

"ऊठ गं, तुझ्या मशीनवरून करतो."

"सर, मी करू का?"

"आजच्या दिवशी? हात थरथरतील तुझे."

"एक मिनिट द्या," म्हणून तिनं उभ्या उभ्याच खटाखट काहीतरी टाइप केलं आणि खुर्ची सोडली. मी बसलो. तिच्याच लॉगिननं फाईल उघडली, आकडा बदलला, सेव्ह केली, नेटवर्क रीस्टार्ट केलं.

कर्सर थांबला.

मी एंटर दाबलं. मग जोरात दाबलं. जोरात दाबल्यानं एकवीस वर्षांत एकदाही काही झालेलं नाही, तरी दाबलं. मग कागदावर पाहिलं. सत्तावीसच्या जागी मी बहात्तर टाकले होते.

फोन सुरू झाले. एक्स-रे विभाग म्हणाला, काहीच दिसत नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "पेशंट टेबलावर आहे. आता मी काय अंदाजानं हाड बघू?" मी जुन्या इमारतीची किल्ली शोधायला लागलो. तिथं पोचायलाच चाळीस मिनिटं लागतात.

भाची घड्याळाकडे बघत होती. "सर, बसा जरा."

"बसा काय बसा! कपाळ माझं!"

किल्ली माझ्याच खिशात निघाली. जिन्यापर्यंत पोचलो तोच डॉक्टरांचा फोन आला. "आलं हो सगळं. थँक्यू." मी तर काहीच केलं नव्हतं. परत येऊन पाहतो तर जुनी फाईल जागेवर. त्या एका मिनिटात पोरीनं टायमर लावून ठेवला होता. पुढचा बदल तिनंच केला, मी मागे हाताची घडी घालून उभा राहिलो.

दुपारी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांच्यापुढे नोंदींचा कागद होता. अकरा वाजून आठ मिनिटांनी गेटवे चुकीचा बदलला, लॉगिन भाचीचं.

"दहा मिनिटं एक्स-रे बंद, तेही कराराच्या शेवटच्या दिवशी," मॅडम मला म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा, काय करायचं हिचं?"

भाची टेबलाकडे बघत गप्प. एक शब्द काढला असता तर सुटली असती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही गप्प बसावंसं वाटलं. मग इतकी लाज वाटली की कान तापले.

"मॅडम, खुर्चीत मी होतो. आकडा मी चुकवला, टायमरही लावला नाही. तिनं लावला होता म्हणून दहा मिनिटांत निभावलं."

"लेखी द्या."

दिलं. मॅडमनी आधी तिच्या कायम होण्याच्या कागदावर सही केली. मग माझ्या कागदावर लिहिलं: 'पुढील आदेशापर्यंत यांनी सर्व्हरवरील प्रत्येक बदल सदर कर्मचारी यांच्या देखरेखीखाली करावा.' सदर कर्मचारी म्हणजे भाची.

जिन्यात मी तिला गाठलं. "टायमर लावलायस हे तेव्हाच सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काढायला लावला असता, मामा."

लावलाच असता. वर चार शब्द सुनावलेही असते. एक्स-रे मग तासभर बंद राहिला असता. तसं झालं असतं तर मॅडमसमोर मी तोंड उघडलं असतं का, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.