आधी बोला, मग सुई

सत्त्यान्नव साली पुन्याचा डॉक्टर बर्फाचा डबा घिऊन आमच्या वस्तीवर रक्त न्यायला आला, तवा आमच्या घरातली सगळी मानसं खोटं बोलायलाच बसली हुती.

राम माझा भाऊ. सहा वर्सांचा, जल्मापासून बहिरा. आप्पा म्हनला, तापात कान गेले. त्याला वाटलं, ताप म्हनलं तर कानाचं मशीन फुकट मिळंल, घरातलाच दोष म्हनलं तर न्हाई. असलं डोकं. वर म्हनला, बायको परक्या घरची. आई त्याची सख्खी मामेबहीन हाय, उभ्या गावाला ठावं.

शेजारी बेलापूरची केशरआत्या पदर सावरून बसलेली. तिच्या पोरासंगं, कानिफनाथासंगं, माझी सुपारी फुटलेली. मामाची पोरगी, हक्काची. आत्याची पोरगी साळू, ती बी बहिरीच, पन पावने आले की तिला मळ्यात पिटाळत्यात. म्हंजी ती न्हाईच.

डॉक्टर कागदावर घरातल्या बायांचे गोल आन् बाप्यांचे चौकोन काढीत बसला. एवढा शिकलेला, पन समोर बसलेलं खोटं त्याला दिसंना. मी नववीतनं शाळा सोडली, मला दिसतं.

मग त्यानं सांगितलं. कानाच्या आत बारीक केस असत्यात, आवाजानं हलत्यात. अंगाच्या कनाकनात एकच पोथी असती, पन कानात कानाचीच पानं उघडत्यात, तवा ते केस नीट उगवत्यात. रामच्या त्या पानावरची ओळ बिघडली असंल. एक आईकडून येती, एक बापाकडून, दोन्ही बिघडल्या तरच पोर बहिरं. असल्या ओळी हल्लीच सापडायला लागल्यात म्हने. ताडून बघायला ऐकू येनाऱ्या बहिनीचं रक्त पायजे.

सगळ्यांनी माना डोलावल्या, बैलावानी.

मी हात मागं घेतला.

"आई आप्पाची मामेबहीन हाय," मी म्हनले. "ह्या आत्याची पोरगी बहिरी हाय, आन् तिच्याच पोराला मला देतायत. माझ्या पोरांचं काय हुईल, ते ह्यांच्यासमोर बोला. मग सुई टोचा."

आप्पानं पायतान उचललं. डॉक्टर खाली बघाय लागला. त्याला म्हने घरगुती गोष्टीत पडायचं नव्हतं. भित्रा. पन बाटली त्यानं आधीच उघडून ठिवलेली, माझ्या रक्तासाठी.

"बहिरी होऊ शकतात," तो शेवटी म्हनला. "हे लग्न करू नये."

आत्या उठली. "असली तोंडाळ पोरगी आमाला नको," म्हनली आन् चालती झाली.

सुपारी मोडली. पोरं बहिरी हुतील म्हून न्हाई, माझं तोंड चालतं म्हून. मोडली ना, बास.

मी बाही वर केली. एवढा पुन्याचा डॉक्टर, शीर तिसऱ्या टोचनीला सापडली.