डागाची छटा

विश्वास हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. राज्यं बुडतात, भाषा लोपतात, नद्या आपले काठ सोडून निघून जातात. पण एका माणसाने दुसऱ्याच्या शब्दावर ठेवलेला विश्वास युगानुयुगे टिकून राहतो.

हा मजकूर एका पाटीवर रंगवलेला होता. पाटी एका दारावर, एकाच खिळ्याला, किंचित तिरकी लटकत होती. खाली बारीक अक्षरांत पुढे असं होतं : 'आमचं गुणांकन कार्यालय आणि आमचं लिलावघर या दोन पूर्णपणे स्वतंत्र संस्था असून त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही.' ज्या दारावर ही पाटी होती, तेच दार या दोन संस्थांना जोडत होतं. ते दिवसभर उघडं असे, कारण मालकांना सारखं वरखाली करावं लागे.

वरच्या मजल्यावर जुने व्हिडिओ गेम येत. कधीकाळी कुणीतरी विकत घेतलेले, पण न उघडलेले. कारखान्यातलं प्लॅस्टिकचं आवरण अजून अंगावर असलेले. परीक्षक भिंगातून त्या खोक्याचे कोपरे, कडा आणि आवरण तपासून दहापैकी गुण देई. मग खोका एका कडक पारदर्शक डब्यात कायमचा बंद होई. खेळण्यासाठी बनवलेली वस्तू कुणीही खेळली नाही, याबद्दल तिचा हा सत्कार असे. मग तो डबा जिन्याने खाली जाई आणि लिलावात उभा राही. सात गुणांच्या खोक्याला जी किंमत येई, तिच्या कितीतरी पट साडेनऊच्या खोक्याला येई.

गुण देणारी संस्था मालकांची. विकणारी संस्था मालकांची. लिलावाचा हातोडा मालकांच्या हातात. आणि तिसऱ्या रांगेत मालकांचे मेहुणे बसत. मेहुण्यांना गेममध्ये काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त हात वर करायला आवडे.

आपले परीक्षक मात्र सज्जन गृहस्थ होते. कुणाकडून कधी पेढ्याएवढीही वस्तू घेतली नाही. टेबलावर खोका येई तेव्हा देणाऱ्याचं नाव झाकलेलं असे, आणि ते त्यांना बरं वाटे. अशाच एका सकाळी त्यांच्यापुढे एक खोका आला. मागच्या बाजूला तपकिरी गोल डाग, एका कोपऱ्याला घडी, आवरणाला बारीक चीर. परीक्षकांनी भिंग खाली ठेवलं, 'सात' लिहिलं आणि डबा खायला बसले.

डबा अर्धा झाला असेल, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"पोहोचला का रे आपला गेम?"

"कुठला आपला गेम?"

"अरे, बाबांचं दुकान आवरायला घेतलं ना. फळीवर सापडला. तुझ्यासाठी घेतला होता म्हणे त्यांनी. तू गणितात गटांगळी खाल्लीस, म्हणून तिथेच ठेवला. मग विसरले. मी मेलीने तुझ्याच ऑफिसात पाठवून दिला, म्हटलं घरच्या घरी काम होईल. ओळखशील तू. मागे बाबांच्या चहाच्या कपाचा डाग आहे."

परीक्षकांचा घास हातातच राहिला. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात एकच कप होता आणि तो कशावर तरी टेकवायची त्यांना सवय होती.

"ऐकतोयस का?" ताई म्हणाली. "छताचं काम काढायचंय. स्वयंपाक करताना डोक्यावर छत्री धरावी लागते. जरा नीट बघ हो."

"बघतो," परीक्षक म्हणाले, आणि हात धुऊन खरंच नीट बघायला बसले.

आता इथे वाचकांनी घाई करू नये. ही लाचेची गोष्ट नाही. लाच घेणाऱ्याला निदान आपण घेतली एवढं तरी ठाऊक असतं. परीक्षकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांना अगदी मनापासून वेगळंच दिसू लागलं. डाग? छे, तो डाग नव्हताच. पुठ्ठ्याला वयानुसार येते तशी नैसर्गिक छटा होती. कोपऱ्याची घडी? कारखान्यातच पडली असणार. आणि आवरणाची चीर? प्लॅस्टिक तापवून आवळतात तेव्हा हवा जायला भोकं ठेवतातच की! सकाळी आपण किती घाईत होतो, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी 'सात' खोडून 'साडेनऊ' लिहिलं आणि शेरा मारला : 'पुनर्विचारान्ती.'

मालक वर आले. त्यांनी खोका पाहिला, आकडा पाहिला, आणि परीक्षकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची नजर सुधारतेय हां," मालक म्हणाले. याच गेमचे आणखी काही खोके मालकांच्या घरच्या कपाटात होते. एकाला साडेनऊचा भाव आला की कपाटातल्यांचाही भाव चढणार होता. पण हा काही विषय बोलून दाखवण्याचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात परीक्षकांची दाढ दुखायला लागली.

त्यांचे दातांचे डॉक्टर मोठे गप्पिष्ट. त्यांच्या दवाखान्यातली खुर्ची जुनी होती. पेशंट बसला की ती हळूहळू खाली जाऊ लागे, आणि डॉक्टरही बोलता बोलता तिच्याबरोबर वाकत जात. परीक्षकांच्या तोंडात कापसाचे बोळे, आरसा आणि एक नळी बसवून झाल्यावर डॉक्टरांनी विषयाला हात घातला.

"तुमच्याकडे तो साडेनऊचा आलाय म्हणे. शनिवारच्या लिलावात."

"आँ," परीक्षक म्हणाले.

"लहानपणी तो गेम मला कुणी घेऊन दिला नाही हो. शेजारच्या पोराकडे होता. खिडकीतून बघायचो." खुर्ची जराशी खाली गेली. "ही खुर्ची बदलायला पैसे बाजूला काढलेत. बायको रोज विचारते, कधी आणताय? पण म्हटलं, आधी तो खोका घेऊ. वर्षभराने विकला तर दोन खुर्च्या येतील. काय?"

"आँ… हाँ…"

"तेच म्हणतो मी! साडेनऊ तुमच्या हातचा, म्हणजे डोळे झाकून घ्यायचा. तुमचा थोडाच कुणी नातेवाईक बसलाय तिथे!"

परीक्षकांनी हातवारे केले. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक बोळा घातला.

"हलू नका. आता मलाच बघा. माझी दाढ दुखली की मी समोरच्या डॉक्टरकडे जातो. तो माणूस मला अजिबात आवडत नाही. त्यालाही मी आवडत नाही. म्हणून तर जातो! मागे एकदा घरीच आरशात बघितलं. काळं दिसत होतं. म्हटलं, छे, कीड कसली, चहाचा डाग आहे. मी डॉक्टर ना! वर्षभरात दाढ गेली." त्यांनी गाल ओढून मागची मोकळी जागा दाखवली. "दुसऱ्याच्या तोंडात मला केसाएवढी भेग दिसते हो. स्वतःच्या तोंडात भगदाड दिसलं नाही. आणि मी काही खोटं बोलत नव्हतो स्वतःशी. खरंच डाग दिसत होता!"

खुर्ची आता तळाला टेकली होती. परीक्षक छताकडे बघत पडून राहिले. तोंड मोकळं झाल्यावर त्यांनी चूळ भरली, दोनदा भरली, बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "पुढची तारीख कधीची?"

तिथून ते थेट ताईकडे गेले. ताई ओट्यावर भांडी मांडत होती. वर कुठून गळेल याचा अंदाज घेऊन तिने ती आधीच लावून ठेवली होती.

"ताई, मी आधी सात दिले होते."

"कशाला?"

"आपल्या गेमला. तुझा फोन यायच्या आधी."

"आणि फोननंतर साडेनऊ?" ताईने पातेलं खाली ठेवलं. "माझा आवाज इतका गोड आहे हे तुझ्या मेव्हण्यांना सांग जरा."

"गंमत नाही गं. माझ्या डॉक्टरांची खुर्चीची पुंजी त्यात जाणार आहे."

"मग मला कशाला सांगितलंस?" ताई भडकलीच. "न सांगता साडेनऊला विकला असतास तर छत झालं असतं आणि मी सुखाने झोपले असते. आता मलाही तो डाग दिसायला लागणार! लहानपणापासून तुझं हेच. काच फोडायचास आणि मला सांगून मोकळा व्हायचास. मग रात्रभर जागायचे मी."

"मग काय करू?"

ताईने वर छताकडे बघितलं, मग भांड्यांकडे.

"शनिवारी जा आणि सांग," ती म्हणाली. "आणि जाताना ती बादली इकडे सरकव."

शनिवारी लिलावघर भरलं होतं. डॉक्टर दुसऱ्या रांगेत, बायकोला न सांगता आलेल्या माणसासारखे कॉलर वर करून बसले होते. मालकांनी डबा उंच धरला. डॉक्टरांनी हात वर केला. तिसऱ्या रांगेतून मेहुण्यांनी हात वर केला. डॉक्टरांनी पुन्हा. मेहुण्यांनी पुन्हा, आता तर त्यांनी दुसरा हात जांभईसाठी मोकळा ठेवला होता. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. एक खुर्ची केव्हाच गेली होती, दुसरीही निघाली होती. मालकांनी हातोडा उचलला.

"थांबा!"

परीक्षक जिन्याच्या पायरीवर उभे होते.

"हा खोका माझ्या बहिणीचा आहे," ते म्हणाले. "कुणाचा आहे हे कळायच्या आधी मी त्याला सात दिले. कळल्यावर साडेनऊ. मागचा डाग माझ्या वडिलांच्या कपाचा आहे. छटा वगैरे काही नाही. चहा आहे तो!"

मेहुण्यांचा हात वरच राहिला.

"परीक्षक, तुम्ही वर जा बघू," मालक हसत म्हणाले.

"वर गेलो की साडेनऊ दिसतो, साहेब. खाली आलो की सात."

"मंडळी, गैरसमज नको! दोन्ही संस्था स्वतंत्र आहेत. ती पाटी वाचा, पाटी!" मालकांनी दाराकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी माना वळवल्या. दार नेहमीप्रमाणे सताड उघडं होतं, त्यामुळे पाटी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"अहो, पण तुम्ही खोटं थोडंच लिहिलंत?" मागून कुणीतरी विचारलं. "तुम्हाला तसं दिसलं, तुम्ही तसं लिहिलं."

"तेच तर!" परीक्षक कळवळून म्हणाले. "खोटं लिहिलं असतं तर मला कळलं असतं हो! मी तर पूर्ण प्रामाणिकपणे चुकलो!"

डॉक्टरांनी हात खाली घेतला. मग त्यांनी तो गालावर, त्या मोकळ्या जागेवर ठेवला, आणि हळूच मान डोलावली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मालकांनी परीक्षकांना त्याच दिवशी काढून टाकलं. पण नंतर येणारा जो तो विचारू लागला, "त्या दिवशी बोलले ते गृहस्थ कुठे आहेत? त्यांनी तपासला असेल तरच घेऊ." प्रामाणिकपणालाही गिऱ्हाईक असतं हे मालकांच्या फार लवकर लक्षात आलं, आणि परीक्षकांना सन्मानाने परत बोलावण्यात आलं. परतताना त्यांनी एक अट घातली : प्रत्येक खोक्याबरोबर परीक्षकाने सही करून सांगायचं, की यात माझा किंवा माझ्या माणसांचा काही लाभ नाही, आणि असेल तर खोका दुसरीकडे जाईल. मधलं दार विटांनी बुजवण्यात आलं. लिलावघर मालकांनी सोडून दिलं, म्हणजे मेहुण्यांच्या नावावर केलं. सुधारणा अशीच, एकेका विटेने होते.

ताईचा खोका दुसऱ्या शहरातल्या अनोळखी परीक्षकाकडे गेला. त्याने साडेसहा दिले.

"साडेसहा?" आपले परीक्षक खवळले. "सातचा आहे तो! त्याला बघता येतं का?"

"तू गप्प बस," ताई म्हणाली. "तुला दिसत नाही."

साडेसहाच्या भावात तो डॉक्टरांनीच घेतला. ताईचं अर्धं छत झालं; ओटा आता कोरडा असतो, भांडी जेवणाच्या टेबलावर हलवली आहेत. डॉक्टरांकडे नवी खुर्ची आली आणि जिथल्या तिथे राहू लागली.

नागरिकहो, यातून घ्यायचं ते एवढंच. आपण वाईट माणसांपासून सावध राहायला शिकतो, पण बहुतेक नुकसान चांगल्या माणसांच्या हातून होतं, कारण त्यांना स्वतःचा संशयच येत नाही. शाळेच्या स्पर्धेत आपलं मूल असेल, निविदेत आपला साडू असेल, विकायच्या वस्तूत आपला वाटा असेल, तर आपण कितीही सरळ असलो तरी निकालाच्या खुर्चीवरून उठावं. 'मी प्रामाणिक आहे' हे उत्तर तिथे पुरत नाही. प्रामाणिक डोळ्यालाही आपल्या माणसाचा डाग छटाच दिसतो!

परवा परीक्षक दाढेच्या शेवटच्या कामासाठी दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी नव्या खुर्चीत त्यांना बसवलं, बोळे भरले, नळी लावली.

"त्या दिवशी तुम्ही उभे राहिलात ना," ते सद्गदित होऊन म्हणाले, "मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. अगदी सगळं. म्हटलं, असा माणूस हजारात एक. आपलं-परकं न बघणारा!"

"आँ," परीक्षक संकोचून म्हणाले.

डॉक्टरांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मग हत्यारांच्या खणातून, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला एक खोका काढला आणि परीक्षकांच्या पोटावर अलगद ठेवला.

"मेव्हण्याच्या माळ्यावर मिळाला. परगावी कशाला पाठवू? ते लोक आपल्याला ओळखतसुद्धा नाहीत. तर एक छोटीशी विनंती होती… तोंड बंद करू नका… जरा घरचा म्हणून बघाल का?"