पालथं झाकण

कृष्णकांतांच्या घरात मिक्सर असो की टॉर्च, उघडायची वेळ आली की पहिल्यांदा वीज तोडायची. प्लग काढायचा, सेल काढायचे, मग स्क्रू. काढलेलं झाकण पालथं ठेवायचं, म्हणजे आतल्या बाजूला धूळ बसत नाही. संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं हेच केलेला माणूस. निवृत्त होऊन चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये बसला म्हणून काय सुधारणार होता? त्यांची बायको विमलाताई म्हणायच्या, "यम न्यायला आला तरी हे त्याला आधी मेन स्विच बंद करायला लावतील."

या शिस्तीचा जाच सगळ्यात जास्त सोसला तो त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, ऊर्मीनं. चौदाव्या वर्षी चालू रेडिओत स्क्रूड्रायव्हर घालून तिनं बोट भाजून घेतलं आणि तेव्हापासून अप्पांचं पालुपद सुरू झालं, "आधी सेल, मग हात." पुढे ती श्रीपेरुंबुदूरला एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत लागली, पण पोरीचं वेड काही गेलं नाही. सुटीच्या दिवशी अंबत्तूरच्या भंगारवाल्यांकडून ती छोटे पडदे, म्हणजे स्क्रीन, वेचून आणायची. मोडीत निघालेल्या मोटारींचे, जुन्या डीव्हीडी प्लेअरचे, कसलेही. त्यांना बटणं आणि बॅटरी जोडून, प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून, हातात मावणारे व्हिडिओ गेम बनवायची. "अय्यो अप्पा, लोकांनी मेला म्हणून टाकून दिलेला पडदा हा. आता बघा कसा हसतोय!" असं म्हणताना स्वतःच हसत सुटायची.

शेवटचा गेम तिनं स्वतःसाठी केला होता. लहानपणी टीव्हीवर खेळायची त्या गेमची जुनी कॅसेट तिनं त्यात बसवली होती. त्यात माळरानावर गाव वसवायचं असतं. एका संध्याकाळी तो घेऊन ती स्वयंपाकघरात आली. "आई, बघ ना, तुझं घर बांधलंय. दारात तुळसपण आहे."

विमलाताईंचे हात कणकेत होते. "नंतर बघते गं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसथांब्याकडे स्कूटरवरून जाताना लॉरीनं तिला उडवलं. सव्वीस वर्षांची होती.

पोलिसांनी परत दिलेल्या बॅगेत तो गेम निघाला. पडदा तडकून काळाठिक्कर पडला होता, पण चार्ज करून बटण दाबलं की आतून टिंगटिंग सूर वाजायचा. विमलाताई रोज दुपारी तो मांडीवर घेऊन बसत. "घर आतच आहे हो," त्या नवऱ्याला सांगत, "फक्त दिसत नाही." देवाकडे दुसरं काही मागायचं त्यांनी सोडून दिलं होतं. ते घर एकदा बघायचं, बस्स.

मग कृष्णकांतांनी पडदा शोधायला घेतला. मापात बसेल तर जोडणीच्या तारांची पट्टी जुळायची नाही, पट्टी जुळेल तर माप चुकायचं. सात महिने त्यांनी बसमधून, रेल्वेतून चेन्नई पालथी घातली. अखेर अंबत्तूरला वेंकट नावाच्या भंगारवाल्यानं तुटका गेम हातात घेतला आणि तो त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही ऊर्मी अक्काचे अप्पा?" त्यानं तमिळमध्ये विचारलं. आत जाऊन त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला पडदा आणला. "याचाच जोडीदार. अक्कानं बाजूला ठेवायला सांगितला होता. मी कुणाला दिला नाही." कृष्णकांत बसमध्ये तो छातीशी धरून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलाताई चष्मा पुसून टेबलाशी येऊन बसल्या. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. लेकीनं बांधलेल्या घरात पहिल्यांदा जायचं, म्हणून.

कृष्णकांतांनी चार स्क्रू काढून वाटीत टाकले. मागचं झाकण उचलून फडक्यावर पालथं ठेवलं. बॅटरी सोडवली. कोपऱ्यात बटणाएवढा आणखी एक सेल दिसला, तोही काढला. हात अडखळलासुद्धा नाही. जुना पडदा उतरवला, नवा जोडला, पट्टीचा एकेक पाय भिंगातून तपासला. काम संपल्यावर छोटा सेल मीटरवर लावून बघितला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "तीन व्होल्ट. उत्तम." मग तो जागच्या जागी बसवला, बॅटरी जोडली आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. टिंगटिंग सुरू झाली. विमलाताईंनी तोंडावर हात धरला.

पडद्यावर हिरवंगार माळरान होतं आणि वर इंग्रजीत एक ओळ, तुमच्या गावाला नाव द्या.

"घर कुठाय?" विमलाताईंनी विचारलं.

"येईल, येईल. थांब जरा." कृष्णकांतांनी होती नव्हती ती सगळी बटणं दाबली. बंद करून पुन्हा लावलं. माळरान तसंच मोकळं. काही कळेना, तेव्हा त्यांनी उगाच झाकण हातात घेतलं आणि उलटं केलं.

आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. वाण्याची यादीसुद्धा तमिळमध्ये लिहिणारी पोर, मराठी लिही म्हणून आईनं डोकं फोडलं तरी न ऐकणारी. तिनं पेनानं वेडंवाकडं लिहिलं होतं, "अप्पा, कदीतरी तुम्ही हे ऊघडनार मला माहीत आहे. छोटा सेल काडू नका. माझं गाव पूसून जाईल."

कृष्णकांतांनी झाकणावर पंजा ठेवला. "सेल आधीच संपला होता गं विमल," ते म्हणाले. "अपघातात हललाही असेल."

"आत्ता तर म्हणालात, उत्तम आहे."

विमलाताईंनी हात पुढे केला आणि झाकण काढून घेतलं. अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी चिठ्ठी वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"मराठीत लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"विमल, मी काढला. मी."

"मी बघितलं नाही," विमलाताई म्हणाल्या, "आणि तुम्ही पुसलंत."

कृष्णकांत ढसाढसा रडले. स्मशानातही त्यांच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. विमलाताईंनी त्यांना गप्प केलं नाही. झाकण पोटाशी धरून त्या रिकाम्या माळरानाकडे बघत राहिल्या. रडता रडता कृष्णकांतांनी सवयीनं गेम बंद करायला हात लांबवला, तेव्हा विमलाताईंनी तो मनगटाशी धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाजू दे ते."