वाट दिल्याचे आभार

इंग्लंडातल्या बर्न्ली गावच्या त्या चढावर दोन्हीकडे गाड्या लावलेल्या असतात, मधून एकच जाते. समोरच्यानं दिवे लुकलुकवून वाट दिली की हात वर करून आभार मानायचे. न मानणाऱ्याचा संध्याकाळपर्यंत उद्धार होतो.

बेव्हर्ली घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना उठवायची, न्हाऊ-खाऊ घालायची. लायसन्स चौथ्या खेपेला मिळालं, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत चुकांचे सहा दंडगुण पडले की लायसन्स रद्द, आणि लायसन्स गेलं की नोकरीही. हे तिला पाठ होतं. पण सिगारेट सोडून विजेवरची, वाफेची व्हेप धरली, हा ती सद्गुण समजायची. गाडीत ओढू नये असा कायदा दाखव, म्हणून नवऱ्याला गप्प करायची.

त्या सकाळी थंडीमुळे काचा बंद होत्या. एका हातात व्हेप, छातीत ताजा झुरका. समोर गाडी थांबली, दिवे लुकलुकले. पोलिसांची गाडी. बेव्हर्लीनं धूर आत कोंडला. पण पोलिसाचे आभार न मानून कसं चालेल, म्हणून स्टिअरिंगवरचा दुसरा हात वर केला. तेवढ्यात ठसका लागला. आंब्याच्या वासाचा ढग पुढच्या काचेवर पसरला आणि तिच्या गाडीचा धक्का लागून कडेला लावलेल्या एका गाडीचा आरसा खाडकन रस्त्यावर पडला.

उतरून आलेला पोलीस पोरगेलासाच होता. तिनं काच खाली केली तसा उरलेला धूर त्याच्या तोंडावर गेला. डोळ्यांवर ऊन आलं, असं ती सांगून बसली. त्यानं मान वर करून ते राखी आभाळ नीट पाहून घेतलं.

"बरं, ओढत होते," ती म्हणाली. "तो काही गुन्हा नाही ना?"

"ओढणं नाही, ताई. पण एकही हात स्टिअरिंगवर नव्हता, आणि पुढचं दिसत नव्हतं. ही बेपर्वाई झाली."

"किती पडतील?"

"ते माझ्या हातात नाही. तीन पडतात, नऊही पडतात. कधी नुसतं नीट गाडी चालवायच्या वर्गाला बसवतात. पत्र येईल."

आरशाच्या मालकासाठी नाव-नंबर ठेवून ती गाडीत बसली. किल्ली फिरवली, गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली, परत बंद केली. आज पुढं चालवायचा धीर तिला होईना. चढाच्या टोकाला, सकाळच्या पहिल्या घरी, मिसेस एंटविसल अंथरुणात वाट पाहत असणार. गाडीला कुलूप लावून ती चढ चढू लागली. यांच्याकडे पायी जमेल. खालच्या गल्लीतल्या हॅरॉल्डआजोबांकडेही, जरा पळत गेलं तर. कालव्यापलीकडच्या दोघी म्हाताऱ्या बहिणींकडे मात्र कसं पोचायचं, ते काही तिला सुचेना.